देठ संपेपर्यंत

मी एक जुनी कात्री आहे. पण मित्रांनो, कात्री म्हटल्यावर लगेच शिंप्याचं दुकान डोळ्यांसमोर आणू नका हं. कापड, कागद, केस यांच्याशी माझा काडीचाही संबंध नाही. मी झाडांची कात्री. माझं एक पातं चोचीसारखं वाकडं आहे आणि दुसरं रुंद, धारदार. दोन मुठींच्या मध्ये स्प्रिंग आहे, त्यामुळे हात सैल सोडला की मी आपली आपण उघडते. म्हणजे उघडत असे. आता स्प्रिंग कुरकुरते आणि पात्यांवर तांबूस डाग पडले आहेत. पण एके काळी आमच्या सबंध रेल्वे कॉलनीत माझ्याइतकी रुबाबदार कात्री दुसरी नव्हती, हे मी आधीच सांगून टाकते. नंतर सांगायला कदाचित जमणार नाही.

माझा जन्म कलकत्त्यातला, बेहालाचा. साल एकोणीसशे सदुसष्ट. तिथे एका अरुंद गल्लीत एका लोहाराचं छोटंसं दुकान होतं. मोडक्या लॉरीच्या कमानपट्टीतून त्याने मला घडवलं. तीनदा तापवलं, तीनदा तेलात बुडवलं, आणि शेवटी माझ्या धारेवर अंगठ्याचं नख घासून त्याने मान हलवली. मग मला कोयत्यांच्या आणि विळ्यांच्या रांगेत खिळ्याला टांगलं. मी सगळ्यांत चकचकीत होते. येणाराजाणारा आधी माझ्याकडे बघायचा आणि मग नारळ सोलायचा कोयता घेऊन जायचा. फार राग यायचा मला.

एक दिवस एक बाई आल्या. नऊवारी नाही, बंगाली पद्धतीची साडीही नाही. साधी पाचवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू. सोबत नऊ वर्षांची मुलगी. त्या बाईंनी मला हातात घेतलं आणि चक्क पर्समधून गुलाबाची एक काडी बाहेर काढली. घरून आणली होती. माझ्या पात्यांत धरून त्यांनी ती कापली, मग कापलेलं टोक डोळ्यांजवळ नेऊन कितीतरी वेळ पाहिलं.

लोहार बंगाली पद्धतीने वहिनी म्हणून हाक मारत हिंदीत म्हणाला, "बौदी, ये कैंची नहीं, तलवार है."

"तलवार घेऊन काय करायचंय?" बाई मुलीला मराठीत म्हणाल्या. "देठ चिरडला नाही, एवढं बघ. चिरडला की पाणी वर चढत नाही. हे बघ, कसा स्वच्छ कापलाय."

त्या बाई म्हणजे शकुन, आणि ती मुलगी कालिंदी. अशी मी गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायला गेले.

कालिंदीचे बाबा श्यामराव सिग्नल खात्यात इंजिनिअर होते. मिरजेहून त्यांची बदली थेट इतक्या लांब झाली होती. क्वार्टर तळमजल्यावर होतं, पुढे दोन खाटा मावतील एवढी जमीन, आणि पलीकडे नदी. नदी घरातून दिसत नसे, पण गोदीतल्या जहाजांचे भोंगे ऐकू येत. त्या दोन खाटांच्या जागेत शकुनने अकरा गुलाब लावले होते. दहा इथल्याच रोपवाटिकेतले. अकरावा मात्र तिच्या माहेरचा. मिरजेला परसात काळपट लाल गुलाबाचं एक झाड होतं. त्याची काडी तिने ओल्या फडक्यात गुंडाळून, आगगाडीत दर स्टेशनावर फडकं भिजवत भिजवत इथवर आणली होती. काडीने जीव धरला, पानं आली, काटेही भरपूर आले. फूल काही येईना.

"रुसलंय ते," श्यामराव म्हणायचे. "त्यालाही बदली मानवली नाही."

"तुम्हाला मानवली ना? मग त्यालाही मानवेल," शकुन म्हणायची.

मित्रांनो, ती फुलं कशी कापायची ते तुम्हाला सांगते, कारण तोच तर माझ्या आयुष्यातला सोन्याचा काळ. सकाळी सहाला, दव असताना, शकुन बाहेर यायची. एका हातात मी, दुसऱ्या हातात पाण्याने भरलेली बादली. फूल कापून मग घरात नेऊन पाण्यात ठेवू, असलं काही तिला चालत नसे. बादलीच फुलाकडे गेली पाहिजे. कळी अर्धी उमलली, दोन पाकळ्या बाहेर वळल्या, की तेवढीच कापायची. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा, म्हणजे नवा कोंब फुटायची जागा, बघायची, त्याच्या बोटभर वर माझं पातं तिरकं लावायचं आणि एका दमात कापायचं. मग खालची पानं काढून फुलं मानेपर्यंत पाण्यात बुडवून न्हाणीघरात, अंधारात, गारव्यात ठेवायची. दोन तासांनी फुलदाणीच्या पाण्यात चमचाभर साखर, लिंबाचे चार थेंब. त्यानंतर रोज पाणी बदलायचं आणि रोज देठ खालून नखाएवढा पुन्हा कापायचा, तोही पाण्याखाली. पंख्याखाली ठेवायची नाहीत. केळ्यांच्या घडाशेजारी तर मुळीच नाहीत.

इतरांचे गुलाब दोन दिवसांत माना टाकायचे. शकुनचे आठ-आठ दिवस ताठ उभे. समोरच्या क्वार्टरमधल्या सुचित्रा, ज्यांना कालिंदी मासीमा म्हणायची, त्या रोज येऊन कंबरेवर हात ठेवून फुलदाणीपुढे उभ्या राहायच्या.

"शाकुन, तुम जादू जानता है."

"जादू कसली? कात्री चांगली आहे," शकुन म्हणायची. आता सांगा, मी फुशारेन नाही तर काय?

शकुनचा आणखी एक नियम होता. दिवे लागल्यावर झाडाला हात लावायचा नाही. संध्याकाळी आजूबाजूच्या बंगाली घरांतून शंख वाजायचे, आणि पहिला शंख वाजला की मी कठड्यावर. "झाड झोपलं आता," ती म्हणायची. एकदा बड्या साहेबांकडे मेजवानी होती. सात वाजता त्यांचा शिपाई चिठ्ठी घेऊन दारात आला. डझनभर गुलाब ताबडतोब हवे होते.

"सकाळी सहाला या. दोन डझन देते," शकुन म्हणाली.

शिपाई घाबरला. "मेमसाहेब म्हणतात, किताबमध्ये लिहिलंय, फूल संध्याकाळीच कापायचं."

"किताब झाडाला वाचून दाखवलंय का कुणी?"

श्यामराव आतून खाकरले. "अगं, साहेब आहेत ते. दे की चार फुलं."

"तुमचे साहेब आहेत. माझ्या झाडांचे नाहीत."

शिपाई रिकाम्या हाताने गेला. कालिंदी दाराआड तोंडावर हात धरून हसत होती. त्या दिवसापासून आपल्या आईसारखी बाई सगळ्या कलकत्त्यात नाही, अशी तिची खात्री झाली. माझी तर आधीच झाली होती.

हळूहळू शकुन मला कालिंदीच्या हातात देऊ लागली. कालिंदीचं मराठी शाळेतल्या बंगाली-हिंदीने थोडं मोडकंतोडकं झालं होतं, पण तिचा हात मात्र शकुनचाच. बारा वर्षांची होईतो एकही देठ तिने चिरडू दिला नाही.

"आई, तुझा मिरजवाला कधी फुटेल?" ती विचारायची.

"फुटतात ती भांडी. फूल उमलतं."

"बरं, उमलेल कधी?"

"त्याच्या मनात येईल तेव्हा. आलं की पहिलं फूल मीच कापणार हं. तू बादली धर."

मग एकाहत्तर सालचा जानेवारी आला. कलकत्त्यात गुलाबांचा तोच बहर. आणि त्याच महिन्यात शकुनला ताप येऊ लागला. आधी उगाचच, मग रोज. एक दिवस ती बादली उचलायला वाकली आणि तिथेच बसली. श्यामरावांनी तिला शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. दोन बस बदलून जावं लागे. भेटायची वेळ चार ते सात. घरी आल्यावर मासीमा विचारायच्या, तेव्हा श्यामराव दर वेळी म्हणायचे, "आज जरा बरं आहे." चौथ्या दिवसानंतर त्यांनी 'जरा बरं' म्हणायचंही सोडलं, नुसतं "आहे" म्हणायचे.

आणि मित्रांनो, त्याच आठवड्यात त्या मिरजेच्या झाडाला कळी आली.

एकच. कालिंदीला सकाळी शाळेच्या घाईत ती दिसली आणि ती पुतळ्यासारखी उभी राहिली. संध्याकाळी इस्पितळात जाऊन तिने आईला सांगितलं. शकुन तेव्हा उठून बसू शकत नव्हती. ती म्हणाली, "मला ते आणून दाखव. दुसरं काही नको मला. अर्धं उमललं की आण." हे मला कसं कळलं? कालिंदी रोज झाडापाशी बसून तेच पुटपुटायची. "अर्धं झालंस की सांग. अर्धं झालंस की सांग."

मंगळवारी सकाळी दोन पाकळ्या जेमतेम बाहेर वळल्या. कालिंदीने ठरवलं, शाळेतून चारला आलं की कापायचं आणि बाबांबरोबर लगेच निघायचं. तिने बादली भरून ठेवली, मला पुसून बादलीच्या काठावर ठेवलं, आणि शाळेत गेली.

चार वाजले. साडेचार वाजले. श्यामराव कचेरीतून येऊन फाटकात उभे. त्या दिवशी रस्त्यात मोर्चा होता, बस जागच्या जागी अडकली होती, आणि कालिंदी दप्तर पाठीला मारून उरलेली सगळी वाट चालत आली. घामाघूम. तिने दप्तर फाटकातच टाकलं, मला उचललं, झाडापाशी गुडघे टेकले. डोळा बघितला. बोटभर वर माझं पातं तिरकं लावलं. माझी दोन्ही पाती त्या देठाला टेकली होती, मला त्याचा गारवा लागत होता.

तेवढ्यात मासीमांच्या घरातून शंख वाजला.

कालिंदीचा हात थांबला.

"काप गं, सातनंतर आत सोडणार नाहीत," श्यामराव म्हणाले.

"दिवे लागले, बाबा."

"एक दिवस काय होतंय?"

"आईला कळेल. ती देठ बघून सांगते."

श्यामरावांनी घड्याळाकडे बघितलं, मुलीकडे बघितलं. त्यांना तिच्यावर ओरडता आलं नाही. "बरं, सकाळी काप. मी उद्या रजा टाकतो, सकाळीच जाऊ. कुणाचे तरी पाय धरून आत शिरू," ते म्हणाले. कालिंदीने मला देठावरून सोडवलं, कठड्यावर ठेवलं, आणि दोघं तसेच रिकाम्या हाताने इस्पितळाला निघाले. एक बोट दाबायचं बाकी होतं, मित्रांनो. माझ्या अंगात धार होती, पण दाबणारी मी नव्हे.

इस्पितळात काय झालं ते मी पाहिलं नाही. कालिंदीने पुढे मासीमांना व्हरांड्यात सांगितलं, तेव्हा मी कठड्यावर होते. शकुनने आधी कालिंदीच्या हाताकडेच बघितलं.

"आणलंस?"

"उद्या सकाळी आणते. शंख वाजला होता."

शकुन हसली. हसताना तिला खोकला आला. श्यामरावांना म्हणाली, "बघा. तुम्हाला चार वर्षांत जमलं नाही, ते हिला कसं जमलं." मग कालिंदीला म्हणाली, "किती उमललंय ते तरी दाखव." कालिंदीने मूठ मिटली आणि दोन बोटं थोडी सैल केली. शकुनने ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली आणि नर्स सांगायला येईपर्यंत सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी कलकत्ता बंद होतं. रात्रीत जाहीर झालं होतं, सकाळी रस्त्यावर कुत्रीसुद्धा सावध चालत होती. बस नाही, ट्राम नाही, टॅक्सी नाही. तरी कालिंदीने सहाला, दव असताना, बादली घेऊन जाऊन ते फूल कापलं. इतका सुंदर काप मी आयुष्यात दुसरा घातला नाही. वीतभर देठ, वर ती अर्धी मिटलेली काळपट लाल मूठ. तिने खालची पानं काढली, फूल मानेपर्यंत बुडवलं, न्हाणीघराचं दार लावून घेतलं. श्यामराव दोनदा नाक्यापर्यंत जाऊन आले. दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याची बाही फाटली होती.

"उद्या उघडेल सगळं," ते म्हणाले. "टिकेल ना गं फूल?"

"आठ दिवस टिकेल," कालिंदी म्हणाली. तिला त्याबद्दल जराही शंका नव्हती.

गुरुवारी पहाटे शेजारच्या कचेरीतला माणूस सायकलवरून आला. फोन तिथे होता. श्यामरावांनी दार उघडलं, त्याचं ऐकलं आणि दाराच्या कडीला धरून उभे राहिले. शकुन पहाटे चारला गेली होती.

घरात माणसं जमली. श्यामराव आणि कचेरीतले चौघे कचेरीच्या गाडीतून इस्पितळात गेले आणि शकुनला घेऊन तिथूनच परस्पर घाटावर. मुलींनी घाटावर जायचं नसतं. कालिंदीला कुणी विचारलंही नाही. ती न्हाणीघरातून फूल घेऊन धावत बाहेर आली तेव्हा गाडी वळणावरून निघून गेली होती. फाटकात ती उभी, हातातल्या देठातून पाणी ठिबकतंय, आणि मासीमा तिला मागून धरून उभ्या. फूल तोवर पुरतं उमललं होतं. जसं शकुन म्हणायची तसंच, उरलेलं पाण्यात उमललं होतं.

त्यानंतर काय झालं ते ऐका. कालिंदीने ते फूल मरू दिलं नाही.

ती शाळेत गेली नाही, नीट जेवली नाही, पण सकाळी उठून पाणी बदलायची. साखर, लिंबाचे चार थेंब. आणि माझ्याकडून देठ नखाएवढा कापून घ्यायची. पाण्याखाली, तिरका. तिसरा दिवस, चौथा दिवस. शेजारणी फूल बघून डोळ्यांना पदर लावत. अजून ताजं कसं, म्हणत. सहाव्या दिवशी देठ चार बोटं उरला. फुलदाणीतून फूल पेल्यात आलं. आठव्या दिवशी दोन बोटं. मला कापायची इच्छा होत नव्हती. मी तिच्या बोटांत जड होऊन बसायचे, पण धार दगा देईना. बेहालाच्या त्या लोहाराने मला इतकं चांगलं का घडवलं, असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं मला.

दहाव्या दिवशी फूल वाटीत आलं. मासीमा तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या. त्या तिला लेकीसारखं 'मा' म्हणायच्या.

"और मत काटो मा. अब छोड दो."

"अजून थोडा आहे," कालिंदी म्हणाली, आणि तिने मला पाण्यात घातलं.

कापायला काही राहिलंच नव्हतं. माझं पातं फुलाच्या बुडालाच लागलं. एक पाकळी सुटली, मग दुसरी, मग सगळीच. वाटीभर झाली. श्यामराव दारात उभे होते. कालिंदी त्यांच्याकडे वळून अगदी शांतपणे म्हणाली,

"मी सगळं बरोबर केलं होतं, बाबा. आईनं सांगितलं तसं. सगळं."

"हो गं बाळा," श्यामराव म्हणाले.

मग मात्र ती रडली. त्या दहा दिवसांत पहिल्यांदा.

त्या दिवशी मी वाटीजवळ ओलीच राहिले. कुणी पुसलं नाही. दोन दिवसांनी मला कुणीतरी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकलं, खिळ्यांबरोबर आणि तुटक्या कुलपाबरोबर. ओल्या लोखंडाला गंज चढायला वेळ लागत नाही. पावसाळाभर मी डब्यातच होते. बाहेर झाडं रानटी वाढत होती, वाळक्या काड्या वाऱ्यावर एकमेकींवर आपटत होत्या, हे मला ऐकू यायचं. कालिंदी मागच्या दाराने शाळेत जायची.

ऑक्टोबरात डबा उघडला. वर श्यामरावांचा चेहरा. या माणसाने मला आजवर कधी हातात धरलं नव्हतं. त्यांनी मला रॉकेलने घासलं, शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडले, आणि धोतर सावरत झाडांत शिरले. आणि मग, मित्रांनो, काय सांगू! इतका गचाळ हात मी पाहिला नव्हता. सरळ कापत होते. डोळ्याच्या खाली कापत होते. एका फांदीचं तर नुसतं साल सोललं. मिरजेच्या झाडाजवळ आले तेव्हा मी मनातल्या मनात डोळे मिटले.

"बाबा, तिरकं."

कालिंदी पायरीवर उभी होती. दप्तर खांद्यालाच.

"मला नाही येत गं," श्यामराव म्हणाले. "तू कर." त्यांनी मला तिच्यापुढे धरलं.

"नको."

"तुला येतं सगळं."

"सगळं येऊन काय झालं?"

श्यामराव तसेच हात पुढे करून उभे राहिले. त्यांच्या बोटाला काटा लागून रक्त येत होतं, त्याचाही त्यांना पत्ता नव्हता. कालिंदी खाली आली. तिने मला घेतलं नाही. तिने बाबांचं मनगट धरलं, ते थोडं वर सरकवलं, थोडं वळवलं, आणि म्हणाली, "इथे. आता दाबा."

त्यांनी दाबलं.

तशी सगळी झाडं छाटून झाली. तासभर लागला. बोलणं फक्त "इथे" आणि "आता". मला तिने त्या दिवशी हात लावला नाही, त्यानंतरही कधी लावला नाही. तिचा राग आहे माझ्यावर, आणि मी तो सोसते.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी असेल तर काम झाल्यावर तिला पुसून ठेवा, तेलाचा थेंब द्या. एवढं तर तुम्ही कराल. पण माझं खरं मागणं वेगळंच आहे. तुम्हाला कुणी जीव लावून एखादं काम शिकवत असेल, तर त्याचे नियम नीट शिका. आणि ते माणूस समोर बसलेलं आहे तोवरच विचारून ठेवा, की हा नियम मोडायचा कधी. शकुनला विचारलं असतं तर तिने लगेच सांगितलं असतं. कुणी विचारलंच नाही.